हातात धरवत नाही इतका राउटर का तापतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात भवानी पेठेत स्वतःचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका तरुण मिस्त्रींकडे १६०० वॉटचा प्लंज राउटर आहे, म्हणजे फिरत्या बिटने (कापणाऱ्या पात्याने) लाकडात खाचा आणि आकार काढणारे हातयंत्र. त्याचा कोलेट, म्हणजे बिटचा दांडा पकडणारा चिमटा, अर्ध्या इंचाचा आहे. सागवानी चौकटींना गोला मारताना (कडेला गोलाईचा आकार देताना), दारांना कुलपाचे घर पाडताना आणि एमडीएफच्या (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीच्या) पल्ल्यांवर खाचा काढताना तो दहा-बारा मिनिटांत हातात धरवत नाही इतका तापतो आणि जळका वास येऊ लागतो. वर्षभरात त्याची दोन आर्मेचर (मोटरीचा तार गुंडाळलेला फिरता भाग) जळाली आहेत. दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे असे की यंत्रच हलके आहे, मोठे घ्या. मिस्त्रींना विचारायचे आहे की खोट यंत्रात आहे की वापरात, आणि मोठा राउटर घेतल्याने हा त्रास संपेल का.

मी गेली सव्वीस वर्षे सोलापुरात दारे, चौकटी आणि फर्निचरचे काम करतो, आणि माझ्याकडची यंत्रे मी स्वतः उघडून साफ करतो. तुमच्या वर्णनावरून माझे मत असे झाले आहे की यंत्रात मुळात खोट नसावी, आणि आहे त्याच पद्धतीने काम चालू ठेवले तर मोठे यंत्रही जळेल, फक्त थोडे उशिरा. असे का म्हणतो ते समजण्यासाठी राउटरच्या आत उष्णता कशी तयार होते आणि बाहेर कशी पडते हे आधी पाहू.

राउटरची मोटर छताच्या पंख्याच्या किंवा पाण्याच्या पंपाच्या मोटरीसारखी नसते. तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. घरातल्या मिक्सरमध्येही हीच असते. फिरणाऱ्या आर्मेचरला त्यावर घासत राहणाऱ्या कार्बनच्या दोन कांड्यांमधून वीज मिळते आणि ते मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेते. एवढ्याशा आकारात एवढी ताकद मिळते खरी, पण घेतलेल्या विजेचा साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, उष्णतेत जातो. तुमचा राउटर पूर्ण ताकदीने चालत असेल तर पाचशे वॉट किंवा त्याहून जास्त उष्णता त्याच्या पोटात सतत तयार होत असते, म्हणजे हजार वॉटच्या इस्त्रीची निम्मी धग मुठीत मावणाऱ्या डब्यात कोंडलेली असते. ती बाहेर काढायला आर्मेचरच्या दांड्यावरच बसवलेला एक छोटा पंखा असतो, दुसरे काहीही नसते. बहुतेक राउटरांत हा पंखा वरच्या जाळीतून हवा ओढतो, ती कार्बन, आर्मेचर आणि फील्ड कॉइल (आर्मेचरभोवतीची स्थिर वेटोळी) यांच्यावरून नेतो आणि खाली कोलेटच्या बाजूने बाहेर टाकतो.

सगळी गोम या पंख्यात आहे. मोटरीवर ताण आला की फेरे कमी होतात, फेरे कमी झाले की मोटर जास्त करंट ओढते, आणि तांब्याच्या तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दीडपट झाला तर तारेतील उष्णता सव्वादोनपट होते. त्याच वेळी फेरे बावीस हजारांवरून पंधरा हजारांवर आले असतील तर पंख्याची हवाही दोन-तृतीयांशावर येते. उष्णता दुपटीहून अधिक आणि हवा मात्र कमी, असा हा दुहेरी मार असतो. म्हणून राउटर बेताच्या ताणावर तासभर चालतो, पण ताण थोडा वाढवला की दहा मिनिटांत हात लावू देत नाही. खोल कट, बोथट बिट, उतरलेला विजेचा दाब, चोंदलेली जाळी ही कारणे वेगवेगळी दिसली तरी शेवटी ती सगळी फेरे किंवा हवा यांवरच येऊन पडतात.

यातूनच माझी सर्वांत जुनी सवय तयार झाली, ती म्हणजे राउटर कानाने चालवण्याची. लाकडाला न लावता यंत्र चालू करा आणि तो सूर कानात साठवून ठेवा. कट घेताना सूर थोडा खाली बसणारच, पण तो घोगरा होऊ लागला तर त्या क्षणी खोली जास्त आहे, बिट बोथट आहे किंवा ढकलण्याचा जोर चुकला आहे असे समजा. एक सावधगिरी मात्र सांगतो. ज्या राउटरमध्ये फेरे कायम राखणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, त्यात ताण आला तरी सूर फारसा उतरत नाही, कारण सर्किट आतून जास्त वीज सोडून फेरे टिकवते. तिथे कान फसतो. अशा यंत्रासाठी मी हातभर लांबीची एक जोडवायर तयार केली आहे. तिचे बाहेरचे आवरण मधोमध सोलून फेजची वायर, तिच्या स्वतःच्या इन्सुलेशनसकट, वेगळी काढून ठेवली आहे, म्हणजे क्लॅम्प मीटर (वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर) तिच्यावर लावता येतो. तुमच्या यंत्राचा पूर्ण लोडचा करंट साधारण सात अँपिअर धरा. काम करताना आकडा सतत त्याच्या वर राहत असेल तर वाद घालण्याचे कारणच उरत नाही. यंत्र धडधाकट असताना विनालोड करंट किती येतो तोही पाहून भिंतीवर लिहून ठेवा. पुढे तो वाढलेला दिसला तर आत बेअरिंग किंवा वाइंडिंग (तांब्याच्या तारेची वेटोळी) बिघडते आहे हे लवकर कळते.

आता तपासणी. राउटर तापला असे म्हणून थांबू नका. कुठे तापला ते हाताने पाहा. प्लग काढा आणि तळवा तीन ठिकाणी लावा. सगळे अंग सारखेच गरम असेल तर ताण किंवा हवा यांचा प्रश्न आहे. वरचे टोक, जिथे कार्बन बसतात, तेवढेच जास्त गरम असेल तर कार्बन किंवा कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात ते आर्मेचरवरचे तांब्याच्या पट्ट्यांचे कडे) पाहावा लागेल. खालचे टोक, कोलेटच्या मागचा भाग, चटका देत असेल तर बहुधा खालचे बेअरिंग कोरडे पडले आहे. मात्र गरम हवा त्याच बाजूने बाहेर पडते, त्यामुळे ते टोक थोडे जास्त गरम लागणे स्वाभाविक आहे, एवढी सूट द्यावी. बिटच तेवढा भाजत असेल आणि यंत्र कोमट असेल तर धार गेली आहे किंवा तुम्ही फार हळू सरकत आहात. प्लग किंवा बोर्ड गरम असेल तर दोष राउटरमध्ये नाहीच. यानंतर बिट काढून यंत्र तीन मिनिटे रिकामे चालवा. रिकामे चालतानाही ते तापत असेल तर बिघाड आतला आहे आणि कामाची पद्धत बदलून उपयोग नाही. रिकामे चालताना नुसते कोमट राहत असेल तर यंत्र निर्दोष समजा आणि पुढचे सगळे लक्षपूर्वक वाचा.

तुमचा कारखाना भवानी पेठेत, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीत, आहे म्हणून पहिली शंका मला जाळीविषयी येते. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका सुताराने असाच तापणारा राउटर माझ्याकडे आणला होता. त्याच्या भिंतीपलीकडे टॉवेलचे माग होते. बाहेरून पाहता जाळी मोकळी दिसत होती, त्यामुळे त्याने त्या दिशेने विचारच केला नव्हता. वरचे झाकण उघडले तेव्हा आत जाळीला चिकटून करड्या रंगाचा एक थर बसलेला होता, बोटाच्या पेराएवढा जाड. चिमट्याने टोक धरून ओढला तर तो घोंगडीच्या तुकड्यासारखा अखंड निघून आला. मागावरून उडणारे सुताचे बारीक तंतू आधी जाळीत अडकले होते आणि त्या तंतूंत एमडीएफची पिठासारखी भुकटी बसत जाऊन त्यांचा नमदा झाला होता. नुसता लाकडाचा भुसा असा जमत नाही, तो बराचसा हवेबरोबर निघून जातो. त्याला धरून ठेवणारे तंतू मिळाले की जाळी आतून बंद होते. तो थर काढून, आर्मेचर आणि फील्ड मऊ ब्रशने झाडून यंत्र परत दिले, आणि पुढे तेच आर्मेचर त्याने कित्येक महिने वापरले.

म्हणून मागाच्या शेजारी काम करणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी वरचे झाकण उघडून आत पाहावे. रोजच्या सफाईसाठी काम संपल्यावर व्हॅक्यूमची नळी जाळीला लावून धूळ ओढून घेणे सर्वांत सुरक्षित. हवा मारायची असेल तर कॉम्प्रेसरचा दाब कमी ठेवा, चष्मा घाला, नोझल जाळीपासून वीतभर लांब धरा आणि यंत्र रिकामे चालू ठेवून मारा, म्हणजे सुटलेली धूळ पंखाच बाहेर टाकील. नोझल जाळीत खुपसून पूर्ण दाबाने हवा मारली तर तीच भुकटी बेअरिंगच्या सीलमध्ये शिरते. आणखी एक प्रकार मी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे: भुसा आत जाऊ नये म्हणून जाळीवर कापड बांधणे. हेतू चांगला असला तरी त्या कापडाने पंख्याचा श्वास कोंडतो, आणि ते अर्ध्या तासात धुळीने भरले की परिणाम त्या नमद्यासारखाच होतो. तापलेल्या राउटरवर ओले फडके टाकणे तर कधीच करू नये. आत कार्बनची भुकटी असते, ती वीज वाहते आणि ओल मिळाली की शॉक बसू शकतो.

आता कामाची पद्धत, कारण दोन आर्मेचर जाण्याचे मुख्य कारण मला इथे दिसते.

बारा मिलिमीटरचा बिट, तीन मिलिमीटर खोल कट आणि मिनिटाला तीन मीटर सरकण्याचा वेग धरला तर मिनिटाला १०८ घन सेंटिमीटर लाकूड निघते. तीच खाच एका फेऱ्यात, म्हणजे राउटर एकदाच सरकवून, बारा मिलिमीटर खोल काढायची म्हटले तर ४३२ घन सेंटिमीटर, म्हणजे नेमके चौपट काम. शिवाय बिट खाचेत पूर्ण बुडालेला असल्याने भुशाला वाट मिळत नाही. तो भुसा बिटबरोबर आतच घुसळला जातो, त्याचा पुन्हा चुरा होतो आणि त्या घर्षणाची उष्णता वेगळी. माझा नियम असा आहे की सागवानात एका फेऱ्यात बिटच्या व्यासाच्या पाव हिश्शाहून खोल जायचे नाही, एमडीएफमध्ये तिसऱ्या हिश्शापर्यंत, आणि निम्म्यापर्यंत फक्त मऊ लाकडात धार नवी असताना. बाभळीसारख्या कठीण लाकडात मी बारा मिलिमीटरच्या बिटने दोन मिलिमीटरवरच थांबतो. गोला मारतानाही पूर्ण आकार एकदम घेऊ नये. तीन फेऱ्यांत घ्यावा आणि शेवटचा फेरा अर्धा-एक मिलिमीटरचाच ठेवावा. त्याने यंत्र तर वाचतेच, पॉलिशपेपरचे कामही निम्मे होते.

कुलपाच्या घराबद्दल वेगळे सांगतो, कारण माझे पहिले आर्मेचर मी त्याच कामात जाळले. दाराच्या जाडीत सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटर खोल खिसा पाडायचा असतो, बिट लांब, खिसा अरुंद, भुशाला बाहेर यायला जागा नाही, आणि वर बेस टेकलेला असल्याने बिट काय करतो आहे ते दिसत नाही. त्या दिवशी मी सहा दारे एकामागून एक केली; पाचव्या दाराला वास आला, तरी एकच राहिले आहे म्हणून थांबलो नाही. सहावे दार पूर्ण झाले नाही. आज मी तेच काम असे करतो: आधी ड्रिलने खिशाच्या रेषेवर ओळीने छिद्रे पाडून तीन-चतुर्थांश लाकूड काढून टाकतो, पटाशीने मधल्या भिंती पाडतो आणि राउटर फक्त कडा साफ करण्यापुरता लावतो. छिद्रांमुळे भुशालाही खाली पडायला जागा मिळते. एकूण वेळ नुसत्या राउटरने लागायचा त्याहून कमीच लागतो. लाकूड काढण्याचे कष्टाचे काम करवत आणि ड्रिल यांच्याकडे द्यावे आणि आकार देण्याचे काम राउटरकडे ठेवावे, असे मी माझ्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगतो.

सरकण्याच्या वेगाबद्दल गैरसमज बराच आहे. यंत्र तापते म्हणून बरेच जण ते अधिक हळू सरकवतात आणि लाकडावर काळे डाग उमटू लागतात. हिशेब करून पाहा. दोन धारांचा बिट मिनिटाला वीस हजार फेरे घेतो, म्हणजे चाळीस हजार वेळा लाकडाला लागतो. मिनिटाला तीन मीटर सरकलात तर प्रत्येक धार ०.०७५ मिलिमीटरचा तुकडा घेते. मिनिटाला अर्धा मीटर सरकलात तर तो तुकडा जवळपास ०.०१२ मिलिमीटरवर येतो; एवढे पातळ कापणे धारेला जमत नाही, ती नुसती घासते. घासण्यातून उष्णता होते, उष्णतेने धार जाते, आणि धार गेली की मोटरीवर ताण येतो. म्हणून खोली कमी ठेवा पण हात चालता ठेवा. भुसा हातात घेऊन पाहिला तर दाणेदार लागला पाहिजे. सागवानात तो पिठासारखा आणि गरम येत असेल तर वेग वाढवायला हवा किंवा बिट धार लावायला द्यायला हवा. कोपऱ्यावर विचार करत थांबण्याची सवयही मोडली पाहिजे, डाग बहुधा तिथेच पडतात.

सागवानाच्या अंगात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच घटक, आणि ती धार झपाट्याने खाते. साध्या स्टीलचा बिट सागवानात वापरूच नये. कार्बाइडच्या टोकाचाही बिट आठवड्यातून एकदा नखावर धरून पाहावा. धार नखाला हलकी रुतली पाहिजे, घसरत असेल तर ती गेली. पुष्कळदा धार शाबूत असते पण तिच्या मागे राळ आणि एमडीएफचा डिंक जळून काळा थर बसलेला असतो, आणि तोच घासत असतो. बिट रात्रभर रॉकेल किंवा टर्पेंटाइनमध्ये ठेवून सकाळी जुन्या टूथब्रशने घासला आणि कोरडा केला की नवा बिट घेतल्यासारखा फरक वाटतो. बेअरिंगचा बिट असेल तर बेअरिंग आधी काढून ठेवा, नाहीतर त्यातील ग्रीस धुऊन जाईल.

कोलेटही तपासा. आपल्या बाजारात पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि सहा मिलिमीटर, तसेच अर्धा इंच म्हणजे १२.७ आणि बारा मिलिमीटर, अशा दोन्ही मापांचे बिट एकाच डब्यात विकले जातात. अर्ध्या इंची कोलेटमध्ये बारा मिलिमीटरचा दांडा आवळला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण ताणाखाली घसरतो, तापतो आणि निसटून अंगावर येऊ शकतो. दांड्यावर गोल काळ्या रेघा दिसल्या तर तो घसरत होता असे नक्की समजा. बिट तळापर्यंत घालून दोन-तीन मिलिमीटर वर ओढावा आणि मगच आवळावा.

फेऱ्यांच्या डायलबद्दल. मोठ्या व्यासाच्या बिटला फेरे कमी करावेच लागतात. बारा मिलिमीटरच्या बिटची कड बावीस हजार फेऱ्यांना सेकंदाला सुमारे चौदा मीटर धावते, तर ऐंशी मिलिमीटरच्या बिटची कड त्याच फेऱ्यांना नव्वद मीटरच्या वर जाते, आणि ते जिवाशी खेळणे आहे. मोठ्या पॅनेल बिटला दहा-बारा हजारांच्या वर जाऊ नये. पण फेरे निम्मे केले की पंख्याची हवाही निम्मी होते हे विसरू नका. म्हणून कमी फेऱ्यांवर कट आणखी हलका ठेवायचा आणि दर चार-पाच मिनिटांनी विश्रांती द्यायची. ती विश्रांती बटण बंद करून नाही द्यायची. बिट लाकडाबाहेर काढा, लहान बिट असेल तर पूर्ण फेऱ्यांवर, मोठा असेल तर त्याच्या मर्यादेत, आणि यंत्र एक-दोन मिनिटे रिकामे चालू द्या. तापलेले यंत्र एकदम बंद केले तर पंखाही थांबतो आणि आतली उष्णता वाइंडिंगच्या वार्निशमध्ये मुरत बसते. लहान बिटला उगाच कमी फेरे ठेवणे, यंत्राला त्रास कमी होईल या समजुतीने, हे तर उलटेच आहे.

राउटर टेबलाखाली उलटा लावत असाल तर हवा ओढणारी जाळी खाली तोंड करून राहते आणि गरम हवा वर, टेबलाच्या पाटीकडे, फेकली जाते. टेबल चारही बाजूंनी प्लायने बंद केले असेल तर तीच गरम, भुसा मिसळलेली हवा यंत्र पुन्हा पुन्हा ओढते. पेटीला एका बाजूला तळहाताएवढी खिडकी ठेवा आणि समोरच्या बाजूने व्हॅक्यूमने हवा ओढून घ्या. व्हॅक्यूम नसेल तर मागची बाजू उघडीच ठेवलेली बरी.

विजेकडे सुतार सहसा पाहत नाही. सात अँपिअर ओढणाऱ्या यंत्राला एक चौरस मिलिमीटरच्या वायरचा पंचवीस मीटर लांब बोर्ड लावला, तर जाऊन-येऊन पन्नास मीटर तांब्याचा अवरोध सुमारे एक ओहम होतो आणि सात व्होल्ट वाटेतच जातात. अर्ध्या चौरस मिलिमीटरची स्वस्त वायर असेल तर चौदा जातात. माझ्या कारखान्यात उन्हाळ्यातील दुपारी मीटरवर दोनशेच्या आसपास व्होल्ट मी अनेकदा पाहिले आहेत. त्यातून आणखी चौदा गेले की राउटरच्या हाती १८६ उरतात. दाब कमी म्हणून फेरे कमी, फेरे कमी म्हणून हवा कमी, आणि तुम्ही मात्र सवयीच्या वेगाने ढकलत असता, त्यामुळे प्रत्येक धारेवर तुकडा जाड येतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्या, ती गरजेपुरतीच लांब ठेवा आणि बोर्डाची गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, कारण गुंडाळलेली वायर स्वतःच तापते. दाब दोनशेच्या खाली असेल तेव्हा मी राउटरची जड कामे थांबवतो आणि रंधा, जुळवणी, पॉलिश असली कामे काढतो.

मे महिना आपल्याकडे वेगळा हिशेब मागतो. मोटरीची तापमानवाढ सहसा चाळीस अंश हवा धरून ठरवलेली असते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढे जाणे नेहमीचे आहे, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त असते. वाइंडिंगचे इन्सुलेशन दर दहा अंश जादा उष्णतेला साधारण निम्मे आयुष्य गमावते, असा ढोबळ नियम आहे. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जे काम यंत्र सहज ओढते, तेच काम त्याच बिटने मे महिन्यातील दुपारी त्याच्या मर्यादेबाहेर जाऊ शकते. मी उन्हाळ्यात राउटरचे काम सकाळी सहा ते दहा एवढ्यातच बसवतो. त्या वेळी विजेचा दाबही बरा असतो.

आता दुरुस्तीविषयी. तुमचे दुसरे आर्मेचर पहिल्यापेक्षा लवकर गेले असेल तर फील्ड कॉइल तपासून घेतली होती का हे विचारा. आर्मेचर जळताना फील्डलाही धग लागते. ती काळवंडलेली असताना नुसते आर्मेचर बदलले की नवे आर्मेचर आजारी घरात नांदायला येते. गुंडाळून घेतलेले आर्मेचर असेल तर त्याचे बॅलन्सिंग झाले आहे का ते पाहा. बावीस हजार फेऱ्यांना किंचित असमतोलही बेअरिंगला ठोकत राहतो. दोन्ही बेअरिंग आर्मेचरबरोबरच बदला, ती महाग नसतात. कार्बन त्याच यंत्राचे घ्या. दुसऱ्या यंत्राचा मोठा कार्बन कानशीने घासून बसवलेला मी पाहिला आहे. त्याचा दर्जा वेगळा असतो, तो खोबणीत अडकतो आणि कॉम्युटेटरवर ठिणग्यांची माळ उठते. कार्बन पाच-सहा मिलिमीटर उरला की बदलावा, आणि दोन्ही बाजूंचे एकदम. कॉम्युटेटर तपकिरी, तुकतुकीत असेल तर ठीक. समोरासमोरच्या एक-दोन पट्ट्याच काळ्या पडल्या असतील तर आर्मेचरच्या त्या वेटोळ्यात दोष आहे.

मोठा राउटर घ्यावा का? दिवसभर दाराचे पॅनेल आणि मोठे गोलेच काढायचे असतील तर २००० वॉटच्या पुढचा घ्यावा, तिथे तो शोभतो. तुमच्या सांगितलेल्या कामासाठी मात्र १६०० वॉट पुरेसे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हल्ली काही जण घरगुती सीएनसीवर (संगणकाच्या हुकमाने कापणाऱ्या यंत्रावर) ट्रिमर (छोटा राउटर) किंवा राउटर बांधून चार-चार तास अखंड चालवतात. त्या कामाला कार्बनची मोटर योग्य नाही. तिथे हवेने किंवा पाण्याने थंड होणारी, व्हीएफडीवर (फेरे कमी-जास्त करणाऱ्या विद्युत नियंत्रकावर) चालणारी स्पिंडल मोटरच हवी.

यंत्र दुरुस्त होऊन आले की आधी प्लग काढलेला असताना दांडा बोटांनी फिरवून पाहा. तो खरखर न करता, सारख्या ओढीने फिरला पाहिजे. मग बिट न लावता अर्धा तास कमी फेऱ्यांवर रिकामे चालवा, म्हणजे नवे कार्बन कॉम्युटेटरच्या गोलाईवर बसतात. या वेळात जाळीतून डोकावलात तर सुरुवातीच्या ठिणग्या हळूहळू बारीक होताना दिसतील. त्यानंतर एखाद्या सागवानी तुकड्यावर तीन मिलिमीटरचा कट घ्या, करंट मोजा आणि तो आकडा विनालोड आकड्याशेजारी भिंतीवर लिहा. दहा मिनिटांच्या कामानंतर अंगावर तळवा सलग ठेवता आला तर यंत्र नीट झाले. नाही ठेवता आला, तर ते आकडे आणि बोर्डाच्या वायरची जाडी-लांबी मला कळवा, पुढचे त्यावरून सांगता येईल.